गुंडू मदुरेला जाऊन आला

नकाशा नंदूचा होता, माणसं माझी होती. साठ साली आम्ही बंगळूर ते कन्याकुमारी सायकलनं जायचं ठरवलं तेव्हा कामाची ही वाटणी आपोआपच झाली. नंदू म्हणजे नंदकिशोर आगाशे, पुण्याचा, आमच्याच सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. मी टूलरूममध्ये फिटर. कँटीनच्या रांगेत मी कुणाशी तरी मराठी बोललो ते त्याच्या कानावर पडलं आणि तो ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्याला हसला. “जेवून आलतो की,” असं मी म्हटलं, तर लेकाचा दिवसभर तेच घोकत होता. मीही हसलो. मी मुळात तापट माणूस, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिथंच भांडण झालं असतं. पण नंदूचं चालायचं. आमच्या चामराजपेटेतल्या घरी तो दर रविवारी यायचा, माझी सावत्र आई अंबूबाई, जिला मी अक्का म्हणतो, तिच्या हातचं खायचा आणि जमिनीवर नकाशा पसरून पोटावर पडायचा.

आम्ही जातीनं शिंपी. आमचे आजे-पणजे पोटासाठी दक्षिणेत कुठं कुठं जाऊन राहिले ते तिथलेच झाले. होसूरपासून खाली तिरुनेलवेलीपर्यंत प्रत्येक मोठ्या गावात आमचं एखादं तरी घर असतंच. एकमेकांचं तोंड वीस-वीस वर्षं दिसत नाही, पण लग्नाच्या पत्रिका आणि सुतकाची कार्डं चुकत नाहीत. मी त्या सगळ्या घरांना जोडकार्डं धाडली, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड सोबतच जोडलेलं. मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, एका मित्राबरोबर सायकलीनं येतोय, एक रात्र ओसरीवर पडायला जागा द्याल काय? अकरा कार्डांना अकरा उत्तरं आली. कृष्णगिरीच्या देवाप्पांनी तर ओसरीचं नाव काढल्याबद्दल रागावूनच लिहिलं होतं. ही सगळी नावं, पत्ते, कुणाची मुलगी कुठं दिली आहे, हे मी एका वहीत उतरून काढलं. नंदू त्या वहीला ‘डिपार्टमेंट ऑफ मामा अँड मावशी’ म्हणायचा.

अकरापैकी एक उत्तर मी त्याला बरेच दिवस दाखवलं नव्हतं.

ते मदुरेचं होतं, माझ्या सख्ख्या मावशीचं. मी सात महिन्यांचा असताना आई गेली आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, कस्तुराबाईनं, मला मदुरेला नेऊन वाढवलं. तिला मूलबाळ नव्हतं. पाच वर्षांनी वडलांनी दुसरं लग्न केलं आणि ते मला न्यायला गेले. मावशीनं द्यायला नकार दिला. मग पंचांसमोर भांडण झालं, नको ते बोलणं झालं आणि वडलांनी मला उचलून रेल्वेत घातलं. त्यानंतर वडील जिवंत असेपर्यंत मदुरेचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. मला तिचा चेहराही आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की झोपताना मी कुणाचा तरी अंगठा मुठीत धरून झोपायचो.

वडील गेल्याला दीड वर्ष झालं होतं. कुणी म्हणेल, एवढं होतं तर गाडीत बसायचं आणि जायचं. मलाही ते कळत होतं. पण गाडीनं गेलो असतो तर फक्त तिच्यासाठीच जाणं झालं असतं. तेवीस वर्षांनी दारात उभं राहून सांगायचं काय? आणि ती ‘आता कशाला आलास’ म्हणाली असती तर? सायकलीनं कन्याकुमारीला जाताना वाटेत मदुरे लागतं, म्हणून सहज आलो, असं म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर मला कन्याकुमारीचं काहीच पडलं नव्हतं. माझा सगळा प्रवास मदुरेला संपत होता.

तिचं कार्ड तीन ओळींचं होतं, शेजारच्या कुणा मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. ‘तुझे पत्र पोचले. मी आहे. ये.’

शेवटी ते मी नंदूला दाखवलं. आम्ही सरावाला नंदीच्या डोंगरापर्यंत सायकली मारत गेलो होतो, पायथ्याला झाडाखाली बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. ते मी आजवर अक्काला सांगितलेलं नाही. नंदूनं एकदाही चेष्टा केली नाही. कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाला, “गुंड्या, मदुरेला आपण एक नाही, दोन दिवस थांबायचं. मी देवळं बघत फिरेन. तू घरात बस.” त्या दिवशी मला वाटलं, सख्खा भाऊ असता तर असाच असता.

तारखा पक्क्या झाल्या. डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी सकाळी निघायचं, त्या रात्री मुक्काम कृष्णगिरी, सोमवारी धर्मपुरी, मंगळवारी सेलम, बुधवारी करूर, गुरुवारी दिंडुक्कल, शुक्रवारी संध्याकाळी मदुरे. मी पुन्हा सगळ्यांना कार्डं टाकून वार कळवले. बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या दुकानात माझ्या जुन्या सायकलीच्या दोन्ही वाकड्या चाकांचे आउट काढून घेतले, मागं नवं कॅरियर बसवलं. नंदूनं वही मागून नेली, प्रत्येक गावापुढं घराचा पत्ता शाईनं लिहून त्याला नकाशा सुबक करायचा होता.

निघायला दहा दिवस राहिले असताना तो तोंड पाडून आला. पुण्याहून पत्र होतं म्हणे, आई आजारी होती. त्याला जावं लागणार होतं.

“आपण फेब्रुवारीत जाऊ,” तो म्हणाला. “सॉरी, लेका. माझ्यामुळं झालं, तेव्हा सगळ्यांना कार्डं मीच लिहितो. वही माझ्याकडंच आहे.”

मी माझी रजा रद्द करून घेतली. त्याच्या आईसाठी अक्कानं शेंगाची चटणी कुटून डबाभर दिली, तापानं तोंडाची चव गेली असेल तर बरी लागते म्हणून. मी स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो तर त्यानं नको म्हटलं. मला त्यात काहीच वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी मी कारखान्यातून घरी आलो, तर अक्का दारातच कार्ड हातात घेऊन उभी.

“गुंडू,” ती म्हणाली, “तू कृष्णगिरीला पोचलास म्हणं की रे.”

आमच्यात एक रीत आहे. परगावचा पाहुणा घरी आला की दुसऱ्या दिवशी यजमानानं पाहुण्याच्या घरी पोच लिहायची. तुमचा माणूस आमच्याकडं सुखरूप आला, जेवला, अमुक वेळेला पुढं निघाला. सोबत कुणी असलं तरी, पाहुणा म्हातारा असला तरी, पोच जायचीच. नंदूला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या माणसाला हे कसं ठाऊक असणार?

देवाप्पांचं कार्ड अक्काच्या नावानं होतं. ‘चि. गुंडू व त्यांचे मित्र रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुखरूप आले. उन्हाने थोडे काळवंडले आहेत, बाकी प्रकृती चांगली. आपण पाठवलेली शेंगाचटणी सर्वांना फार आवडली. काळजी नसावी.’

ते कार्ड मी उभ्यानंच चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. देवाप्पा म्हातारे झाले, काहीतरी घोटाळा केला असेल. मग चटणीपाशी आल्यावर हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी सेलमचं कार्ड आलं. मी सेलमला दोन वेळा भात मागून घेतला होता म्हणे आणि माझी भाषा फार शुद्ध होती.

कपडे न बदलता मी नंदूच्या खोलीवर गेलो. त्याच्या घरमालकिणीनं सगळं आनंदानं सांगितलं. रविवारी पहाटे दोघं निघाले, नंदकिशोर आणि दामोदर. दामोदर म्हणजे नंदूच्या साहेबांचा भाचा, मुंबईहून आलेला. त्याची सायकल विलायती, गळ्यात कॅमेरा. साहेबांनी स्वतः हार घातले, फोटो काढला. “तुम्ही नाही गेलात?” असं तिनं मला वर विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बाईला काय बोलणार? मी सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत जिना उतरलो.

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मदुरेला पोचणार होते. माझ्या वारांप्रमाणे, माझ्या वहीप्रमाणे, एका दिवसाचाही फरक न करता. तारघर उघडं होतं. मी आत गेलो, फॉर्म घेतला, मावशीचा पत्ता लिहिला. आणि पुढं काय लिहावं ते सुचेना. ‘येतोय तो मी नव्हे’ असं लिहायचं? तिला ते कोण वाचून दाखवणार, तिला काय वाटणार? आणि तेवढ्यात मला नंदीच्या पायथ्याचं ते झाड आठवलं. म्हटलं, नाही. कृष्णगिरीला, सेलमला केलं असेल, थट्टा म्हणून केलं असेल, फुकटच्या पाहुणचारासाठी केलं असेल. पण मदुरेला तो तसं करणार नाही. त्याला माहीत आहे. सगळ्या जगात फक्त त्यालाच माहीत आहे. तिथं गेल्यावर तो आधी सांगेल, गुंडूला येता आलं नाही, आम्ही त्याचे मित्र.

मी फॉर्म फाडून टाकला आणि घरी आलो. फसवलं त्यानं, पण त्या गुरुवारी मीही मूर्खपणा केला.

मदुरेचं पत्र नाताळनंतर आलं. कार्ड नव्हतं, चांगलं चार पानी पाकीट होतं, त्याच मास्तरांच्या अक्षरात. अक्कानं ते फोडलं नव्हतं. मी परसात जाऊन वाचलं.

‘चि. गुंडूस अनेक आशीर्वाद. तू गेल्यापासून घर खायला उठते. मोतीबिंदूमुळे मला तुझे तोंड नीट दिसले नाही, पण हात फिरवून पाहिले. नाक आपल्या घरचेच आहे. तुझी भाषा किती साफ झाली रे, शाळेतल्या मास्तरासारखी. पहिल्यांदा मला परकी वाटली. तुझा मित्र म्हणाला, पुण्याच्या लोकांत राहून तशी झाली. असेल. तू माझ्याजवळ फार बोलला नाहीस, पण निघताना रडलास, त्यात सगळे आले. तुझे वडील मला बोलले ते आता माफ केले असे समज. तेवीस वर्षे एकच घोर होता की पोरगा मला विसरला. आता मला काही नको.’

चार पानांत आणखी पुष्कळ होतं. मी लहानपणी कसा होतो, कशाला भ्यायचो, काय खायचो. हे सगळं तिनं समोर बसवून दामोदरला सांगितलं होतं आणि आता ‘आठवते ना, मी सांगितले ते’ म्हणून पुन्हा लिहिलं होतं. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं आणि आता पहिल्यांदा ते मी ऐकत होतो, तेही दुसऱ्याला सांगून उरलेलं.

नंदू नव्या वर्षात परतला. मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा तो बनियनवर बसून फोटो निवडत होता. मला बघून उठला, बसला, पुन्हा उठला.

“मी तुला सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“तुझी आई कशी आहे?”

त्यानं मान खाली घातली. मग बोलायला लागला आणि थांबेना. “साहेबांनी सुचवलं रे, दामोदरला घेऊन जा म्हणून. मी नाही कसं म्हणणार? शिवाय वाटेत पेपरवाले येणार, कलेक्टरांना भेटायचं, सगळं इंग्लिशमध्ये. तुलाच ऑकवर्ड झालं असतं.”

“आणि तो गुंडू कधी झाला?”

“ती दामोदरची गंमत. देवाप्पा दारात उभे होते, ‘आमचा गुंडू कुठला?’ म्हणाले. हा पटकन म्हणाला, मी. मग पुढं तेच चालू ठेवावं लागलं. सेलमचे लोक देवाप्पांचे व्याही, तिथं वेगळं कसं सांगणार?”

“मदुरे?”

फोटो एकावर एक रचत राहिला.

“नंदू, मदुरेला काय झालं?”

“तिथं मी सांगणार होतो. आईशप्पथ सांगतो. पण त्या बाहेर आल्या त्या थेट त्याच्या गळ्यातच पडल्या. अरे, कुणाच्या तोंडून शब्द निघणार? दामोदर दोन दिवस नीट जेवलासुद्धा नाही, निघताना रडला तो खरंच रडला. आणि त्या माउलीला केवढा आनंद झाला, तू बघायला हवा होतास. तुझं त्यात काय गेलं, सांग बरं?”

माझा हात उठला होता. त्यानं तो पाहिलाही आणि चुकवायचा प्रयत्न केला नाही. त्याला मार खायचाच असावा, म्हणजे फिट्टंफाट झाली असती. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“मावशी दिसते कशी?” मी विचारलं.

नंदू चमकला. मग हळूहळू सांगायला लागला. “बुटक्या आहेत. सावळ्या. हसताना तोंडावर हात धरतात. डाव्या पायानं थोड्या लंगडतात.” तो सांगत होता आणि मी भिकाऱ्यासारखा ऐकत होतो. त्याच्या त्या ढिगात मावशीचा फोटो असणार, हेही मला कळत होतं. पण तो मागायला जीभ वळली नाही आणि त्यानंही दिला नाही. मी त्याच्याशी बोललो ते शेवटचं. कारखान्यात समोर आला तर मी रांग बदलायचो.

पत्राला उत्तर काय द्यायचं? चार वेळा लिहायला बसलो. ‘मावशी, तो मी नव्हतो’ असं लिहिलं की पुढचं वाक्य सुचत नव्हतं. शेवटी ठरवलं की हे कागदावर होणार नाही. समोर जायचं, तिचा हात हातात घ्यायचा आणि सांगायचं. रडली तर रडली, रागावली तर रागावली. निदान माझ्यावर रागावेल. एप्रिलात चार दिवसांची रजा टाकली आणि मदुरेच्या गाडीत बसलो. अक्कानं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, “या खेपेला तूच जा, बाबा.”

घर लगेच सापडलं, पत्ता मला पाठ होता. दुपारचे चार वाजले असतील. दार तिच्याजवळ राहणाऱ्या भाचीनं उघडलं. प्रेमा तिचं नाव, पत्रात आलं होतं. “कोण पाहिजे?” तिनं विचारलं.

“बंगळूरहून आलो,” मी म्हणालो. त्याच्यापुढचं वाक्य गाडीत रात्रभर घोकून ठेवलं होतं.

“बंगळूरहून?” आतून आवाज आला. “कोण गं? आमच्या गुंडूनं धाडलं काय?”

आणि ती बाहेर आली. बुटकी, सावळी, भिंतीला हात लावत, डावा पाय थोडा ओढत. तिच्या तोंडावर एवढा हर्ष होता, की माझं घोकलेलं वाक्य घशातच राहिलं. “होय,” मी म्हणालो.

परका पुरुष दारात आहे म्हटल्यावर तिनं डोक्यावरून पदर घेतला, तो कपाळापर्यंत ओढला आणि खांबाच्या पलीकडं उभी राहिली. “बसा की,” ती मला म्हणाली. “प्रेमा, सायबांना पाणी आण.”

मी बसलो. ती अंतर राखून जमिनीवर बसली आणि गुंडूबद्दल बोलायला लागली. तो कसा आला, कसा तिच्या हातचा पहिला घास त्याच्या घशाखाली उतरेना, निघताना कसा उंबऱ्यावर बसून रडला. बोलता बोलता हसायची आणि तोंडावर हात धरायची. मध्ये एकदा थांबली. “तुम्ही आमच्यागतच बोलता की,” म्हणाली. “गुंडूचं बोलणं लई बदललंय.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही.

“तेवीस वर्षं, बघा,” ती म्हणाली, “रोज रात्री अंगठा दुखायचा. लहानपणी माझा अंगठा धरून झोपायचा न्हवं तो. सरकारी डॉक्टर म्हणाला, वात हाय. वात कसला! आता तो येऊन गेला, तवापासून दुखला न्हाई. निवांत झोप लागती.”

मी तोंड मिटलं. प्रेमानं आणलेलं पाणी प्यायलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो, मुक्काम करा म्हणाली तर काम आहे म्हणालो. उठताना वाकून नमस्कार करायला गेलो, तर ती संकोचानं मागं सरकली. परक्याचा नमस्कार कशाला, असं काहीसं पुटपुटली. तिचा पाय माझ्या हाताला लागलाच नाही.

“तुमचं नाव काय म्हणायचं?” तिनं दारातून विचारलं. “गुंडूला लिहायला पाहिजे, तुझे मित्र येऊन गेले म्हणून. पोच द्यायची न्हवं.”

“दामोदर,” मी म्हणालो.

“दामोदर, त्याला जरा सांभाळून घ्या हं. आई न्हाई त्याला.”

“घेतो,” मी म्हणालो आणि रस्त्याला लागलो.